हँडब्रेकचा दांडा फार वर येतो, मागचं एक चाक गरम होतं. केबल बदलू का?

डावं वळण

मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडी छोटी हॅचबॅक, हाताने गिअर टाकायची, मागे ड्रम ब्रेक. सेकंडहँड घेतलेली, आता वय झालंय तिचं.

पूर्वी हँडब्रेक पाच-सहा खटक्यांत घट्ट बसायचा. तो हळूहळू वर सरकत आता दहाव्या खटक्यापर्यंत आलाय. दांडा इतका उभा राहतो की शेजारी बसलेल्याच्या कोपराला लागतो. गॅरेजमध्ये दाखवली, तर त्यांनी दोन सीटमधलं प्लॅस्टिकचं कव्हर उचकटलं, आतला नट आवळला आणि "झालं" म्हणाले. तेवढ्यापुरता दांडा खाली आला खरा, पण आता परत चढायला लागलाय. वर नवीन दुखणं सुरू झालंय: थोडं लांब जाऊन आलं की मागचं डावं चाक उजव्यापेक्षा चांगलंच गरम असतं. रिमजवळ हात नेला की न शिवताच कळतं.

आणखी दोन गोष्टी. सोडताना दांड्याचं बटण भयंकर कडक लागतं, अंगठा दुखतो. आणि दांडा पूर्ण खाली असतानाही डॅशबोर्डवरचा लाल दिवा वळणावर लुकलुकतो, सरळ रस्त्यावर विझतो.

गाडी रोज रॅम्पवर उभी करावी लागते, त्यामुळे "हँडब्रेक नसला तरी गिअरमध्ये ठेव" एवढ्यावर भागत नाही. सासरे म्हणतात, बटण दाबूनच ओढ, कटकट आवाज आला की आतले दाते झिजतात. नवऱ्याचं म्हणणं बरोबर उलटं. त्यांचा वाद चालू राहू दे, मला गाडी लावलेल्या जागी सापडली म्हणजे झालं.

केबल बदलून टाकू का?

फिरस्ता

केबल ताणली गेली असणार. माझ्या आधीच्या गाडीचं सेम झालं होतं. बदलून टाका, एका दिवसाचं काम.

१२-१३चा पाना

अहो थांबा, केबल मागवू नका अजून. लागेलही कदाचित, पण ते चाक उघडल्यावर ठरवू.

दांडा वर येतोय हे दिसतं दांड्यापाशी, म्हणून सगळे तिथला नट आवळतात. मला या नटाचा मनापासून राग आहे. कव्हर काढलं की समोरच असतो, पाना सहज बसतो, गिऱ्हाईक लगेच खूश. मूळ बिघाड मात्र बहुतेक वेळा ड्रमच्या आत असतो.

दांड्यापासून निघालेली ओढ गाडीखाली एका आडव्या पट्टीला येते. तिथून दोन केबल दोन मागच्या चाकांकडे जातात. पट्टी तराजूच्या दांडीसारखी डुलती असते, म्हणजे दोन्ही केबलींना ताण सारखा मिळतो. ड्रमच्या आत केबल एक छोटा लिव्हर ओढते, तो दोन शू (अर्धगोल पट्ट्या) फाकवतो, शू ड्रमला आतून चिकटतात. आता शूवरचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, झिजलं की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं. ते भरून काढायला दोन शूंच्या मध्ये ॲडजस्टर असतो, बऱ्याच गाड्यांत दातेरी चाकवाला. तो आपोआप एकेक दाता फिरत अंतर राखतो. ब्रेकची धूळ आणि गंज बसून हा दातेरी चाकवाला भाग जाम झाला की अंतर वाढतच जातं, आणि तेवढी जादा ओढ तुम्हाला दांडा वर नेऊन द्यावी लागते.

अशा वेळी वरचा नट आवळला तर काय होतं? अंतर तसंच राहतं, फक्त केबल आखडते. दांडा खाली असतानाही ड्रममधला लिव्हर अर्धवट ओढलेला राहतो, आपल्या मूळ जागी टेकत नाही. पुष्कळ ॲडजस्टरना काम करायला तो लिव्हर मागे जाऊन टेकावा लागतो. म्हणजे जो बिचारा थोडाफार काम करत होता, त्यालाही तुम्ही बांधून टाकलंत. वर शू ड्रमला घासत राहायची शक्यता.

मला आधी दोन गोष्टी सांगा. पायाचा ब्रेक पूर्वीपेक्षा खोल जातो का? आणि लागोपाठ दोनदा दाबला तर दुसऱ्या वेळी पेडल वर लागतं का? लागत असेल तर मागच्या शूंचं अंतर वाढलंय असं धरून चालायला हरकत नाही. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली खाली जात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ती गळती किंवा मास्टर सिलिंडर (पेडलमागचा ब्रेक ऑइलचा पंप). मग हँडब्रेकचा विषय बाजूला ठेवायचा आणि गाडी चालवायची नाही.

गरम चाकाची तपासणी अशी. सपाट जमीन, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. हे विसरू नका, कारण तुमचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे आणि मागची बाजू उचलली की तो कशालाच धरत नाही. (काही जुन्या साब आणि सिट्रोएन गाड्यांत तो पुढच्या चाकांवर असायचा, पण तुमची तशी नाही.) गाडी न्यूट्रलमध्ये, दांडा खाली, मागची बाजू स्टँडवर. नुसत्या जॅकवर नको. मग चाकं हाताने फिरवून बघायची. डावं जड फिरत असेल तर वरचा तो नट पूर्ण सैल करायचा आणि परत फिरवायचं. मोकळं झालं तर नट जास्त आवळलेला होता. तरीही जडच राहिलं तर डावी केबल आवरणात अडकलीय, नाहीतर आत स्प्रिंग किंवा शूचा घोळ आहे.

डावं वळण

पायाचा ब्रेक खोल जातोय हे आत्ता, तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. सवय होऊन जाते बहुतेक. दोनदा दाबला की दुसऱ्यांदा वर लागतो. दाबून धरला तर जागेवर राहतो, खाली जात नाही.

म्हणजे चालवायला हरकत नाही ना? रॅम्पवर काय करू तोवर?

१२-१३चा पाना

जवळपास, जपून. पण चाक तापतंय ते फार दिवस तसंच ठेवू नका. घासत राहिलेलं लायनिंग तापून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग धरतच नाही. उष्णता वाढत गेली तर चाकातला ब्रेक ऑइल उकळून पेडल फसफशीत होऊ शकतं. जळका वास आला की थांबायचं.

रॅम्पवर गाडीचं नाक चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. शिवाय उताराच्या बाजूला चाकाखाली ठोकळा. ठोकळा म्हणजे चांगला पाचरीसारखा. हाताला लागेल तो गोल दगड नको, तो चाकाबरोबर घरंगळतो.

निवांत चालक

पुढची चाकं वळवून ठेवा, ते राहिलं. उताराकडे तोंड असेल तर चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवायची. चढाकडे तोंड असेल आणि कडेला उंच कठडा असेल तर चाकं कडेपासून उलट वळवायची, म्हणजे गाडी मागे आली तर पुढच्या चाकाची मागची बाजू कठड्याला टेकून थांबते. कठडा नसेल तर परत कडेकडेच, गाडी निदान रस्त्याच्या मध्यात जाणार नाही. हँडब्रेक ठणठणीत असलेल्यांनीही करावं असं हे आहे, पण करतं कोण!

बटणाच्या वादाचं काय झालं? मीही सासऱ्यांच्याच पक्षातला. आवाज ऐकवत नाही.

१२-१३चा पाना

बटणाचं सांगतो, घरात भांडण नको.

दांड्याच्या तळाशी दातेरी पट्टी असते आणि तिच्या खाचेत बसणारी एक खिटी. वर ओढताना खिटी दात्यांच्या तिरक्या बाजूवरून घसरत जाते, तोच कट-कट आवाज. ती त्यासाठीच बनवलेली, कडक केलेल्या पोलादाची असते. नुसत्या आवाजाने झिजून निकामी झालेली क्वचित बघितलीय. झिजते ती अर्धवट बसल्यामुळे. बटण दाबून ओढलं, वर नेऊन सोडलं, आणि खिटी नेमकी दात्याच्या टोकावर टेकली, तर ती पकडल्यासारखी वाटते पण पकडलेली नसते. थोड्या धक्क्याने सुटते. म्हणून बटण दाबून ओढायची सवय असेल तर राहू दे, पण बटण सोडल्यावर दांडा आणखी थोडासा वर घ्यायचा आणि शेवटचा एक खटका ऐकायचा. सासरेही खूश, गाडीही जागेवर. काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत ठरावीक पद्धत सांगतात. तसं असेल तर पुस्तिकेचं ऐका, माझं नको.

तुमचं बटण कडक लागतं त्यात बटणाचा दोष असेलच असं नाही. दांडा ओढलेला असताना केबलचा सगळा ताण खिटीवर असतो. नुसतं बटण दाबलं तर त्या ताणाविरुद्ध खिटी उपसावी लागते. दांडा आधी किंचित वर उचला, ताण निघाला की बटण बोटाने दबतं, मग खाली सोडा. एवढं करूनही कडकच असेल तर आत काहीतरी सांडून चिकटलंय, किंवा स्प्रिंग तुटून वाकडी बसलीय. स्प्रिंग तुटल्याची खूण म्हणजे बटण दाबलेलंच राहतं, बाहेर येत नाही, आणि दांडा वर टिकत नाही. हे झालं की त्या दांड्यावर भरवसा ठेवायचा नाही, सरळ दुरुस्ती.

आणि दांडा अचानक एकदम हलका, कुठेच न लागता वर आला, तर केबल तुटली किंवा मधल्या पट्टीतून निसटली. ते हळूहळू होत नाही, एका ओढीत होतं.

पी-आर-एन-डी

धागा वाचतोय. माझी ऑटोमॅटिक. 'पी'मध्ये टाकल्यावर हँडब्रेक लागतो कशाला? आमच्याकडे कोणीच लावत नाही. पण उतारावरून निघताना 'पी'मधून काढलं की आतून धाडकन आवाज येतो.

१२-१३चा पाना

तो धाडकन आवाजच तुमचं उत्तर देतोय. 'पी'मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक छोटा आकडा दातेरी चाकात अडकतो. उतारावर सगळ्या गाडीचं वजन त्या एवढ्याशा आकड्यावर लटकतं, आणि तुम्ही तो तसा भार असतानाच उपसता.

क्रम बदला. पायाचा ब्रेक दाबलेला, लिव्हर न्यूट्रलला, हँडब्रेक पूर्ण ओढा. आता पाय हळूच उचला, गाडी किंचित सरकून हँडब्रेकवर बसेल. परत पाय ब्रेकवर आणि मग 'पी'. निघताना उलटं: पाय ब्रेकवर, आधी 'पी'मधून बाहेर, मग हँडब्रेक सोडा. आवाज बंद होईल.

निवांत चालक

हे करून बघितलं आत्ताच खाली जाऊन (बायकोची गाडी ऑटोमॅटिक आहे). खरंच आवाज नाही.

एक शंका. मागे डिस्क असलेली मित्राची गाडी, हँडब्रेक लावून उभी केलेली, थोड्या वेळाने आपोआप सरकली. हँडब्रेक नंतर तपासला तर उत्तम. भूत?

१२-१३चा पाना

भूत नाही, थंडावा. घाटातून खाली आल्यावर डिस्क तापलेली असते. तशीच गाडी लावली की निवताना डिस्क आणि पॅड आकसतात, पकड ढिली होते. हँडब्रेक मोजून-मापून लावलेला असेल तर तेवढ्यात गाडी सुटते. तापलेल्या गाडीला उतारावर एक खटका जादा द्यायचा, गिअर टाकायचाच, आणि जमलं तर थोड्या वेळाने येऊन परत ओढायचा. काही गाड्यांच्या इलेक्ट्रिक हँडब्रेकला हे शिकवलेलं असतं, मोटर काही वेळाने स्वतःच परत आवळते.

हँडब्रेक उत्तम म्हणजे किती, याचा एक माप आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या ब्रेक नियमावलीवर पुष्कळ देश चालतात, तिच्यात पूर्ण भरलेली कार २० टक्के चढावर आणि उतारावर नुसत्या हँडब्रेकवर उभी राहायला हवी, आणि हाताचा जोर ४०० न्यूटनच्या वर लागता कामा नये. २० टक्के म्हणजे शंभर मीटर जाताना वीस मीटर चढ, अंशांत साधारण अकरा. ४०० न्यूटन म्हणजे चाळीस किलो उचलण्याइतका जोर. दोन्ही पाय टेकवून दांडा उपटावा लागत असेल तर तो हँडब्रेक चांगला नाही, गाडी जागेवर राहिली तरी.

फिरस्ता

पाना, एक राहिलं. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर? माझी मागच्या पावसाळ्यात चिकटली होती, हलेचना.

१२-१३चा पाना

धुतल्यावर किंवा पावसातून आणून लगेच हँडब्रेक लावून सोडली की शू आणि ड्रम एकमेकांना गंजाने धरतात. लांब उभी ठेवायची तर सपाट जागा, पहिला गिअर, चाकांना ठोकळे, आणि दांडा खाली. धुतल्यावर लावायच्या आधी थोडी चालवून दोन-चार वेळा ब्रेक मारले की ड्रम सुकतात.

चिकटलीच तर जोरात क्लच सोडून हिसकायची नाही, लायनिंग शूवरून उपटून निघतं. पहिला आणि रिव्हर्स असं हळू मागेपुढे डोलवा. नाही सुटली तर चाक काढून ड्रमच्या कडेने हातोडीने ठोका, चहूबाजूंनी, बेताने.

डावं वळण

बातमी घेऊन आलेय. दुसऱ्या मिस्त्रींकडे गेले, '१२-१३चा पाना' यांचा मजकूर मोबाइलवर दाखवला. त्यांनी वाचला, हसले, म्हणाले "हे कोणीतरी हात काळे केलेल्याने लिहिलंय."

दोन्ही चाकं उचलली. उजवं मोकळं, डावं जड. वरचा नट पूर्ण सैल केला, तरी डावं जडच. केबल डाव्या चाकाजवळ बघितली तर बाहेरचं आवरण तडकलेलं, आतून गंज बाहेर आलेला. ओढली की जाते, परत यायचं नाव नाही. म्हणजे फिरस्तांची केबल निघालीच, पण एकच, आणि ताणलेली नव्हे तर अडकलेली.

गंमत उजव्या बाजूला. ड्रम निघत नव्हता, तर मिस्त्रींनी ड्रमवरच्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट घालून आळीपाळीने आवळले, तसा तो स्वतःच ढकलला गेला. आत दातेरी चाक इतकं जाम की पक्कडीनेही हलेना. दांडा वर नेणारं ते, चाक तापवणारी डावी केबल. दोन वेगळे बिघाड, आणि वरच्या नटाने दोन्ही झाकले होते.

हवा मारून धूळ उडवायला मदतनीस निघाला होता, मिस्त्रींनी थांबवलं. ती धूळ छातीत जाते म्हणे, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉसही असायचं. ब्रेक क्लीनरने ओलं करूनच साफ केलं. लायनिंग शिल्लक होतं, ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या आतच माप आलं. ॲडजस्टर सोडवून, आट्यांना किंचित ग्रीस लावून बसवला. आधी ड्रममध्ये अंतर जमवलं, मग पायाचा ब्रेक बऱ्याचदा दाबला, आणि सगळ्यात शेवटी वरचा नट. त्या क्रमाबद्दल ते फार काटेकोर होते. आता सहाव्या खटक्याला दोन्ही चाकं एकदम धरतात, सोडल्यावर दोन्ही मोकळी. पेडलही वर आलं.

दिवा मात्र अजून वळणावर लुकलुकतोय.

१२-१३चा पाना

क्रम पाळणारा मिस्त्री मिळाला, त्याला सोडू नका.

दिव्याचं मी मुद्दाम मागे ठेवलं होतं. दांड्याच्या तळाशी एक छोटा स्विच असतो. दांडा एक खटका वर घेतला की दिवा लागला पाहिजे, पूर्ण खाली गेला की विझला पाहिजे. हे नीट होतंय का बघा. होत असेल तर स्विच ठीक, आणि मग वळणावरचा दिवा हँडब्रेकचा नाहीच. पुष्कळ गाड्यांत तोच लाल दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्याचंही सांगतो. टाकीत तरंगता गोळा असतो. पातळी अगदी काठावर आली की वळणावर ऑइल एका बाजूला झुकतं, गोळा खाली जातो, दिवा लागतो.

बॉनेट उघडून टाकीवरच्या दोन रेघा बघा. खालच्या रेघेजवळ असेल तर लगेच वरून ओतू नका. पुढचे डिस्क पॅड झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल टाकीतून तिकडे जातं. म्हणजे ते गेलेलं नाही, जागा बदललीय. आधी पॅड बघा, आणि कुठे ओल किंवा गळती आहे का तेही. ओतून ठेवलंत तर नवीन पॅड घालताना पिस्टन मागे ढकलले की टाकी उतू जाईल, आणि ब्रेक ऑइल रंगावर सांडलं की रंग सोलतं.

डावं वळण

स्विच ठीक आहे. ऑइल खालच्या रेघेवर. गळती कुठे नाही, पुढचे पॅड अगदी पातळ झालेत. मिस्त्रींना कळवलं, पॅड मागवलेत. मदतनीस परत बाटली घेऊन आला होता टाकी भरायला, या वेळी मीच थांबवलं.